हवेचें चाक आणि सराट्याचा कांटा

इ. स. १८८९ सालची गोष्ट. फ्रान्सच्या मध्यभागीं असलेल्या क्लेरमाँ-फेराँ या शहरांत आंद्रे आणि एदुआर मिशलाँ या बंधूंचा रबराच्या वस्तूंचा व शेतीच्या यंत्रांचा एक कारखाना होता. आंद्रे शिक्षणानें इंजिनियर, तर एदुआर मूळचा चित्रकार. बुडत्या कौटुंबिक धंद्याला सांवरण्यासाठीं कुंचला बाजूला ठेवून तो येथें आला होता. या कारखान्याच्या दारांत एके दिवशीं एक सायकलस्वार आपली नादुरुस्त दुचाकी घेऊन आला. तिच्या चाकांवर त्या काळीं अगदीं नव्या असलेल्या हवेच्या धांवा होत्या, आणि त्यांतील एकीला छिद्र पडलें होतें. धांव चाकाच्या कड्याला पक्की चिकटविलेली होती. ती सोडवून, छिद्र शोधून, तें बुजवून पुन्हा चिकटविण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागला. आणि चिकटवण वाळावें म्हणून सारी रात्र थांबावें लागलें तें वेगळेंच. दुसऱ्या दिवशीं एदुआर स्वतः त्या सायकलीवर बसला आणि आवारांत फेरी मारूं लागला. कांहीं शें मीटर जातो न जातो तोंच धांव पुन्हा खालीं बसली.

दुसऱ्या एखाद्यानें हें खूळ तेथेंच सोडून दिलें असतें. एदुआरनें सोडलें नाहीं. तेवढ्याशा अंतरांत हवेवर चालण्याचें सुख काय असतें याची चव त्याला कळली होती. पुढच्या काळांतील चाक हवेचेंच असणार, हें त्यानें ओळखलें. आणि त्याबरोबरच हेंहि ओळखलें कीं, ज्याचें छिद्र रस्त्याच्या कडेला, स्वाराला स्वतःच्या हातानें, घटकाभरांत बुजवितां येत नाहीं, तें चाक कोणी फार दिवस वापरणार नाहीं. हवेच्या चाकाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा शोधकांचा असतो. तोच इतिहास पंक्चर काढणाराच्या बाजूनें पाहिला तर त्यांतील मोठीं नांवें थोडीं लहान होतात, आणि कांहीं विसरलेलीं नांवें पुढें येतात.

त्या विसरलेल्या नांवांतील पहिलें नांव रॉबर्ट विल्यम टॉमसन याचें. बैलगाडीच्या चाकावर लोहार लाल तापवून चढवितो त्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे धांव म्हणतात. ही धांव लोखंडाची न करतां हवेची करावी, ही कल्पना या स्कॉटिश तरुणानें १० डिसेंबर १८४५ रोजीं लंडनमध्यें पेटंट घेऊन नोंदविली. त्या वेळीं त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. रबराचा लेप दिलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचें कवच, आणि तें कवच चाकाला बोल्टांनीं जखडलेलें, अशी ती रचना होती. १८४७ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें अशा चाकांच्या घोडागाड्या चालवून दाखविण्यांत आल्या. गाडी आवाज न करतां चालते आणि घोड्याला कमी जोर लागतो, हें पाहणारांनीं पाहिलें. चाकांच्या एका संचानें तर सुमारें बाराशें मैल मजल मारली. तरीहि ती धांव चालली नाहीं. रबर महाग होतें, तिचा खरा उपयोग व्हावा अशी हलकी गाडी अद्याप जन्मास यावयाची होती, आणि कवच उघडावयाचें तर एकामागून एक बोल्ट काढीत बसणें आलें. टॉमसननें पुढें हवेचा नाद सोडला आणि वाफेच्या रस्त्यावरील इंजिनांना भरीव रबराच्या जाड धांवा बसविल्या. तीं इंजिनें १८७० नंतरच्या दशकांत भारतांतहि येऊन ग्रँड ट्रंक रस्त्यावर धांवलीं. हवेच्या धांवेचा जनक १८७३ सालीं एडिंबरो येथें वारला तेव्हां त्याची मूळ कल्पना जवळजवळ विस्मृतींत गेली होती.

इतकी कीं, जॉन बॉइड डनलॉप याला तिची खबरहि नव्हती. बेलफास्ट शहरांत गुरांघोड्यांचा वैद्य म्हणून त्याचा चांगला जम बसलेला होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी गाडी दगडी रस्त्यावर फार आदळत असे. १८८७ च्या अखेरीस डनलॉपनें पातळ रबराची नळी करून ती एका लांकडी तबकडीभोंवतीं कापडाच्या पट्टीनें बसविली, फुटबॉलच्या पंपानें तिच्यांत हवा भरली, आणि ती तबकडी व मुलाच्या गाडीचें जुनें चाक हीं दोन्हीं आवारांत घरंगळत सोडून पाहिलीं. जुनें चाक मध्येंच लवंडलें. हवेची तबकडी मात्र कितीतरी पुढें गेली. २३ जुलै १८८८ रोजीं त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला. पुढल्या वर्षीं १८ मे रोजीं विली ह्यूम नांवाच्या स्वारानें बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानी सामन्यांत या धांवांवर शर्यत जिंकली, आणि जाड धांवेला आरंभीं हंसणाऱ्या लोकांचें हंसणें थांबलें. डब्लिनचे हार्वे ड्यू क्रॉस यांनीं कंपनी काढली. १८९० सालीं टॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आलें व डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. पण तोंपर्यंत धंद्यानें मूळ धरलें होतें. धंद्याला आधार लागला तो दुसऱ्यांच्या पेटंटांचा, आणि हीं पेटंटें नेमकीं दुरुस्तीच्या प्रश्नाशीं निगडित होतीं, ही यांतील खरी गंमत आहे.

डनलॉपची धांव ही एक प्रकारें घोड्याच्या पायाला बांधलेल्या पट्टीसारखी होती. कापडाचीं वेष्टणें आऱ्यांच्या मधून काढून कड्याभोंवतीं गुंडाळलेलीं, रबराच्या रसायनानें एकमेकांवर डकविलेलीं. पट्टी बांधणें वैद्याला अवघड नव्हतें. ती सोडणें मात्र स्वाराच्या आवाक्यांतलें काम नव्हतें. १८९० च्या सप्टेंबरांत चार्ल्स किंग्स्टन वेल्च यानें धांवेच्या दोन्ही कांठांत ताणले न जाणारे तारेचे वेढे घालून ते खोलगट कड्यांत बसविण्याची युक्ति काढली. पुढच्याच महिन्यांत एडिंबरोच्या एका रबर कारखान्याचा चालक विल्यम बार्टलेट यानें कांठाला ओठ काढून ते कड्याच्या वळलेल्या कडेखालीं अडकविण्याची दुसरी रीत नोंदविली. या दोहोंतहि चिकटविण्याचें काम उरलें नाहीं. हवा सोडली कीं बाहेरचें टायर हातानें सुटें होई आणि आंतली ट्यूब बाहेर काढतां येई. आजहि जगांतील बहुतेक सायकलींचीं टायरें वेल्चच्याच तत्त्वावर कड्याला धरून असतात. डनलॉपचें नांव घरोघर झालें, आणि ज्याच्यामुळें त्याचा माल टिकला त्या वेल्चला कोणी ओळखत नाहीं.

मिशलाँ बंधूंनीं आपली सुटी होणारी धांव १८९१ मध्यें तयार केली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत व परत अशी सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. मिशलाँच्या धांवांवर बसलेला शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत परत आला व पहिला ठरला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी झिएल-लाव्हाल डनलॉपच्या धांवांवर होता. पंक्चरें दोघांनाहि झालीं; पण पाव तासांत धांव उतरवून पुन्हा चढवितां येते असा मिशलाँचा दावा होता, आणि तेराँच्या विजयानें लोकांना तो पटला. पुढल्या वर्षीं मिशलाँनीं पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी स्वतःची शर्यत भरविली. तींत वाटेवर मुद्दाम खिळे पसरून ठेवले होते असें सांगतात. विकावयाचा माल फुटावा म्हणून स्वतःच खिळे पसरणारा व्यापारी विरळा. पण त्यांना विकावयाची होती ती दुरुस्तीची सोय.

भारतांत जी सायकल आली ती या सुटें टायर व आंतली ट्यूब असलेल्या घराण्यांतली. १९३६ मध्यें हुगळी जिल्ह्यांत साहागंज येथें डनलॉपचा कारखाना उभा राहिला, आणि पुण्यासारख्या शहरांत विद्यार्थ्यांपासून कारकुनांपर्यंत साऱ्यांच्या पायांखालीं सायकल आली. या सायकलीनें रस्त्याच्या कोपऱ्यावर एक नवा कारागीर बसविला. उलटी करून ठेवलेली सायकल, टायर उचकटण्याचे दोन चपटे लोखंडी दांडे, पाण्यानें भरलेलें घमेलें, कानस, सोल्यूशनची नळी आणि जुन्या ट्यूबचीं कापलेलीं ठिगळें, एवढेंच त्याचें भांडवल. फुगविलेली ट्यूब पाण्यांत फिरवावयाची, बुडबुडे येतील तेथें बोट ठेवावयाचें, कोरडी करून घासावयाची, सोल्यूशन लावून तें जरा सुकूं द्यावयाचें, मग ठिगळ दाबून बसवावयाचें. सुकण्याआधींच ठिगळ लावणें ही नवशिक्याची ठरलेली चूक. आंतला द्रव उडून गेल्याशिवाय रबर रबराला धरीत नाहीं. शेवटीं टायरच्या आंतून बोट फिरवून कांटा राहिला नाहीं ना हें पाहणें, हें त्याहून महत्त्वाचें. हें जो विसरला त्याचें गिऱ्हाईक संध्याकाळीं त्याच पंक्चरसह परत येई. कधीं पाण्यांत बुडबुडा एकहि नसे आणि दोष निघे तो व्हॉल्व्हवर चढविलेल्या रबरी वालट्यूबमध्यें.

अमेरिकेनें मात्र वेगळीच वाट धरली. तेथें १८९३ सालीं प्रॉव्हिडन्स शहरांतील पार्डन टिलिंगहॅस्ट यानें ट्यूब आणि टायर यांचें एकच अंग करून टाकलें. बागेंत पाणी घालण्याच्या रबरी नळीचीं दोन तोंडें जोडावीं तसें तें एकसंध टायर असे व कड्याला डकविलेलें असे. आंत ट्यूब नसल्यामुळें ती बाहेर काढून ठिगळ लावण्याचा प्रश्नच नव्हता. मग छिद्र बुजवावयाचें तें बाहेरूनच. छिद्रांत सोल्यूशन घालावयाचें आणि सुईसारख्या हत्यारानें रबराच्या पट्ट्या किंवा छत्रीच्या आकाराचें रबरी बूच आंत खुपसावयाचें. वर आलेलें टोंक कापून टाकलें कीं काम झालें. शिवाय टायरमध्यें ओतावयाचीं गळतीनाशक द्रवेंहि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें बाजारांत होतीं. तीं कितपत चालत हा भाग निराळा. पण ट्यूब नसलेलें टायर, बाहेरून खुपसावयाचें बूच आणि आंत खेळणारा द्रव, ही सारी सामग्री त्या काळीं हजर होती, आणि शंभर वर्षांनीं तीच पुन्हा पुढें यावयाची होती.

हें एकसंध टायर स्वस्त होतें, पण फारसें भरंवशाचें नव्हतें. १९३३ सालीं शिकागोच्या फ्रँक श्विन यानें जर्मनीचें उदाहरण पाहून दोन इंचांहून जाड, आंत ट्यूब असलेलें फुगीर टायर आपल्या सायकलींना बसविलें आणि अमेरिकेंतून एकसंध टायरची पिढी ओसरली. मुलांसाठीं केलेल्या त्या वजनदार श्विन सायकली चाळीस वर्षांनीं कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्याच्या कांहीं तरुणांना भंगारांत सांपडल्या. टॅमल्पायस डोंगराच्या परिसरांतील दगडगोट्यांच्या वाटांवरून ते त्या सायकली खालीं सोडूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांची पहिली ठरीव शर्यत झाली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतरणारी ती वाट. मागच्या चाकाच्या आंसांतला ब्रेक उतारावर इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि खालीं पोंचल्यावर तें पुन्हा भरावें लागे. त्यावरून त्या शर्यतीला ‘रीपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भरा’ असें नांव पडलें. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ हे त्यांतले गडी. ब्रीझनें १९७७ मध्यें खास डोंगरासाठीं सांगाडा घडविला, आणि थोड्याच वर्षांत डोंगरी सायकल हा एक नवा धंदा झाला.

डोंगरावर पंक्चरचें स्वरूप बदललें. येथें जमीन धरून ठेवावयाची तर टायरमध्यें हवा कमी हवी. पण हवा कमी केली कीं टायर दगडावर आदळून कड्यापर्यंत चेपतें आणि मधली ट्यूब दोन ठिकाणीं चिमटली जाते. सापानें डसल्यासारखीं शेजारीशेजारीं दोन छिद्रें पडतात. दुसरा शत्रू कांट्यांचा. आणि हा कांटा महाराष्ट्राच्या माणसाला परका नाहीं. पश्चिम अमेरिकेंतील सायकलस्वार ज्या वेलीला ‘पंक्चरची वेल’ म्हणतात ती म्हणजे आपला सराटा, गोखरू. ज्याचें मूळ आपले वैद्य दशमुळांत घालतात तोच. जमिनीसरपट पसरणारी, नाजूक पिवळ्या फुलांची ही वेल जुन्या जगांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅलिफोर्नियांत पोंचली. तिचें फळ पिकलें कीं पांच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा कसाहि पडला तरी त्याचा एक कांटा वर तोंड करून राहतो. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याला हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. अमेरिकेच्या शेतकीखात्यानें तर १९६१ मध्यें या वेलीचें बीं व खोड पोखरणारे भुंगे इटलीहून मुद्दाम आणून सोडले.

मोटारींच्या जगांत ट्यूब तोंपर्यंत हद्दपार झालेली होती. अॅक्रन येथील गुडरिच कंपनींतील फ्रँक हेर्झेग यानें टायरच्या आंतल्या अंगाला हवा न सोडणाऱ्या रबराचें अस्तर देऊन कांठ कड्यावर घट्ट बसविण्याची रचना सिद्ध केली, व कंपनीनें ती १९४७ मध्यें जाहीर केली. १९५५ च्या सुमारास नव्या अमेरिकन मोटारी याच टायरांवर कारखान्याबाहेर पडूं लागल्या. फुगविलेली ट्यूब ही ताणलेल्या कातडीसारखी असते. टोंचतांच छिद्र फांकतें व हवा एकदम जाते. जाड टायरमध्यें रुतलेला खिळा मात्र स्वतःच बुचाचें काम करतो आणि हवा हळूहळू जाते. सायकलीला हें साधावयास आणखी अर्धें शतक लागलें. कारण सायकलीच्या कड्याला आऱ्यांसाठीं बत्तीसेक भोंकें असतात, आणि टायर हलकें ठेवावयाचें म्हणून त्याची जाडी पोटांतून हवा झिरपण्याइतकी पातळ असते. १९९९ मध्यें माव्हिक, हचिन्सन आणि मिशलाँ या तीन फ्रेंच कंपन्यांनीं मिळून डोंगरी सायकलीसाठीं बिनट्यूबचें चाक आणलें. कड्याच्या आंतल्या बाजूला भोंकेंच न ठेवणें आणि टायरचा कांठ घट्ट अडकेल असा उंचवटा करणें, ही त्यांची युक्ति. काम चोख, पण वजन व किंमत दोन्ही भारी.

तो तिढा सुटला तो न्यूयॉर्क संस्थानांतील स्टॅन कोझिआटेक या सायकलवेड्या माणसाच्या हातून. २००१ मध्यें त्यानें जो धंदा सुरू केला त्याचा आशय असा कीं, साध्या कड्याचीं भोंकें चिकटपट्टीनें झांका, साधें हलकें टायर चढवा, आणि आंत रबराच्या चिकाचें कांहीं पळ्या द्रव ओता. रबराच्या झाडाचा चीक म्हणजे पाण्यांत तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण. अमोनिया घातला कीं ते एकमेकांपासून दूर राहतात व चीक पातळ राहतो. चाक फिरतांना हा द्रव टायरच्या पोटाला सर्वत्र लागत राहतो. कांटा टोंचून हवा सुटूं लागली कीं ती द्रवाला छिद्राकडे ओढते. तेथें कण घासले जाऊन साकळतात, मिसळलेले बारीक तंतू व दाणे त्यांत अडकतात, आणि क्षणार्धांत गुठळी बसते. जखमेवर रक्त गोठावें तसाच हा प्रकार. सराट्याच्या छिद्राची तर स्वाराला खबरहि लागत नाहीं.

मोठ्या छिद्रासाठीं हात लावावा लागतो. फवारा दिसला कीं छिद्र खालच्या बाजूस येईल असें चाक फिरवून ठेवावें, म्हणजे द्रव तेथें सांचतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर रबरानें भिजविलेली चिकट दोरी नेढ्याच्या टोंच्यांत ओंवून छिद्रांत खुपसावयाची आणि टोंच्या झटक्यानें मागें ओढावयाचा. दोरी आंत राहते. ही टिलिंगहॅस्टच्या काळची रीत, आणि आज पुण्यामुंबईच्या रस्त्याकडेला स्कूटरचें ट्यूबलेस टायर दुरुस्त करणारा कारागीरहि हेंच करतो. दगडाच्या धारेनें टायरची कूस फाटली तर मात्र दोरी धरत नाहीं, कारण कूस पातळ असते व दर फेऱ्याला लवते. तेव्हां टायर उतरवून, आंतला चीक पुसून, जागा घासून जुन्या पद्धतीनें सोल्यूशन व ठिगळ लावावें लागतें. फाट लांब असेल तर आधीं सुईदोऱ्यानें शिवावी लागते. घाटांत, अंधार पडत आला असतां, यांतलें कांहींच जमलें नाहीं तर पाठपिशवींतील जुनी ट्यूब बाहेर निघते. डोंगरी स्वार ती अजूनहि बरोबर नेतो. मात्र ती घालण्यापूर्वीं टायरच्या आंतून बोट फिरवावें लागतें, आणि तेव्हां द्रवानें गुपचूप बुजविलेले दहापंधरा सराटे एकदम हातीं लागतात. एकहि राहिला तर ट्यूब गेली.

हा चीक अमर नाहीं. टायरमधून हवेबरोबर त्यांतील पाणीहि झिरपतें. दोन ते सहा महिन्यांत, उन्हाळा कडक असेल तर त्याहूनहि लवकर, तो वाळून टायरच्या पोटाला दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. चाक बाहेरून जसेंच्या तसें दिसतें आणि आंत रक्षण करणारें कांहीं उरलेलें नसतें. म्हणून जाणता स्वार डोंगर चढण्याआधीं चाक उचलून कानाजवळ नेतो आणि हलवून पाहतो. आंत डुचमळल्याचा आवाज आला तर निघतो. नाहीं आला तर व्हॉल्व्हची कळ काढून बाटली उघडतो.